अयुथ्या: तीन नद्यांच्या वेढ्यातली भग्न नगरी नीट पाहायची तर

बँकॉकहून सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्या सहली अयुथ्यात चार-पाच ठिकाणी थांबतात, प्रत्येक ठिकाणी अर्धा तास देतात आणि भर दुपारी एक ते तीनच्या उन्हात माणसाला विटांच्या ढिगाऱ्यात सोडतात. परतल्यावर लोक म्हणतात, ‘सगळी देवळं सारखीच, नुसत्या पडक्या विटा.’ चूक शहराची नसते, पाहण्याच्या क्रमाची आणि वेळेची असते. कोणती जागा कोणत्या प्रहरी पाहायची आणि तिथे नेमकं काय बघायचं एवढं ठरवून गेलं, तर याच विटा बोलायला लागतात.

आधी नावाचं बघू, कारण मराठी वाचकाला इथे आयता फायदा आहे. शहराचं पूर्ण नाव फ्रा नखोन सी अयुथ्या. नखोन म्हणजे नगर, सी म्हणजे श्री, अयुथ्या म्हणजे अयोध्या. मंदिर-मठाला थाई लोक ‘वाट’ म्हणतात. वाट महाथाट म्हणजे महाधातु, जिथे बुद्धाचा धातू, म्हणजे अस्थी, ठेवला होता. सानफेत म्हणजे सर्वज्ञ, चाईवत्थनाराम म्हणजे जयवर्धनाराम, मोंगखोन बोफित म्हणजे मंगल-पवित्र, आणि नरेसुआन हा राजा म्हणजे नरेश्वर. थाई उच्चारात शेवटची अक्षरं गिळली जातात आणि ‘र’ची गळती होते, एवढं ध्यानात ठेवलं की नकाशावरची निम्मी नावं पाठ करावी लागत नाहीत. फसवणारा शब्द एकच, विहार. आपल्याकडे लेण्यांमधला विहार म्हणजे भिक्षूंची राहण्याची जागा. इथला ‘विहान’ म्हणजे बुद्धमूर्तीचा, लोकांनी जमायचा सभामंडप. फलकावर ‘विहान’ वाचून कोठड्या शोधू नका.

इतिहास थोडक्यात. राजा उ थोंगने १३५० च्या सुमारास थाई राज्याची ही राजधानी वसवली आणि रामाधिपती हे नाव घेतलं. उत्तरेला लोपबुरी, पूर्वेला पा साक आणि पश्चिम-दक्षिणेला चाओ फ्राया अशा नद्यांनी वेढलेलं हे बेट आहे, काही भाग कालवा खणून पुरा केलेला. चार शतकं इथून व्यापार चालला. पोर्तुगीज, डच, जपानी, फ्रेंच, इराणी सगळ्यांच्या वस्त्या होत्या. १७६७ च्या एप्रिलमध्ये ब्रह्मी सैन्याने शहर जाळलं. राजधानी आधी थोनबुरीला, मग १७८२ मध्ये बँकॉकला गेली, आणि इथल्या विटा नव्या राजधानीच्या बांधकामासाठी होड्यांतून खाली नेल्या गेल्या. म्हणून आज जे उघडंबोडकं दिसतं ते सगळंच आगीचं काम नाही. १९९१ पासून हा परिसर जागतिक वारसा यादीत आहे.

कधी जायचं

उत्तम काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. मार्च ते मे पारा चाळिशीला टेकतो आणि विटांची जमीन तव्यासारखी तापते. मे महिन्याच्या सुट्टीचा बेत असेल तर सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि दुपारी चार ते सहा एवढाच वेळ बाहेर आहे असं धरून चाला.

खरी गफलत होते ती दिवाळीच्या सुट्टीत. आपल्याकडे गणपती गेले की पाऊस ओसरतो, म्हणून ऑक्टोबर कोरडा असेल असं गृहीत धरून तिकिटं काढली जातात. मध्य थायलंडमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबर हा भर पावसाचा काळ, आणि उत्तरेकडचं पाणी चाओ फ्रायातून उतरत अयुथ्याला पोचतं ते याच दिवसांत. २०११ मध्ये बेटावरचे अवशेष पाण्यात होते. नदीकाठच्या वाट चाईवत्थनारामला पूर रोखायला काठाने उभ्या करता येणाऱ्या पोलादी भिंती बसवल्या आहेत. पाणी चढलं की त्या उभ्या होतात आणि नदीकडून दिसणारा देखावा झाकला जातो. दिवाळी ऑक्टोबरात आली असेल तर निघण्यापूर्वी आठवडाभर पुराच्या बातम्या पाहत राहा, आणि परतीचं तिकीट बदलता येईल असंच घ्या. दिवाळी नोव्हेंबरात असेल तर फार चिंता नाही.

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास थाई लोकांचं लोय क्रथोंग असतं. केळीच्या खोडाच्या चकतीवर पानं-फुलं, मेणबत्ती आणि उदबत्ती लावून ती नदीत सोडतात. त्रिपुरी पौर्णिमेला पाण्यात दिवे सोडणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्या दिवसांत मुक्कामाच्या खोल्या मात्र लवकर भरतात.

निघण्यापूर्वी

भारतीयांसाठी थायलंडच्या व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा बदललेत. म्हणून विमानाचं तिकीट काढण्याच्या दिवशीच दूतावासाच्या संकेतस्थळावर बघून घ्या, सहा महिन्यांपूर्वी जाऊन आलेल्या शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन-पत्र सक्तीचं झालं आहे. ते पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि सरकारी संकेतस्थळावर ते फुकट आहे. पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी पानं शोधात वर येतात, ती सोडून द्या.

पैशाचा हिशेब: एक बाट पावणेतीन रुपयांच्या आसपास धरा आणि त्या दिवशीचा दर बघा. परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी २२० बाट किंवा त्याहून थोडं जास्त शुल्क कापतं, त्यामुळे पाचशे-पाचशे काढत बसू नका. लागेल ते एकदाच काढा. अयुथ्यात तिकीट खिडकी, होडी, सायकलवाला आणि खाण्याच्या गाड्या यांना रोख लागते. हजाराच्या नोटेवर दहा बाटांची होडी कोणी सोडत नाही, म्हणून वीस आणि शंभरच्या नोटा वेगळ्या ठेवा.

कपडे: खांदे आणि गुडघे झाकलेले, सुती, सैल. बायकांनी एक ओढणी जवळ ठेवली की ऊन, धूळ आणि देवळाचा नियम तिन्ही भागतात. पादत्राणं काढायला सोपी पण तळ जाड असावा. पूजा चालू असलेल्या देवळांत ती सारखी काढावी लागतात, आणि अवशेषांत विटांचे उभे काठ पायाला लागतात. नुसत्या सपाता नकोत. दोन गोल पिनांचा आपला प्लग बहुतेक ठिकाणी बसतो, तीन गोल पिनांचा बसत नाही. ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे, सामानातही नेऊ नका.

बँकॉकहून अयुथ्या: गाडी कुठून सुटते हे आधी बघा

अंतर साधारण ८० किलोमीटर. रेल्वे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत छान मार्ग. गोंधळ स्थानकाचा होतो. जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या गाड्या क्रुंग थेप अफिवात या नव्या स्थानकातून सुटतात. बांग सू मेट्रो स्थानक त्याला जोडलेलं आहे. जुन्या हुआ लाम्फोंग स्थानकातून साध्या गाड्या अजूनही सुटतात. जुनी प्रवासवर्णनं वाचून लोक हुआ लाम्फोंगला जातात आणि त्यांची गाडी तिकडे बांग सूला उभी असते. तिकिटावर किंवा वेळापत्रकात गाडीचा क्रमांक आणि स्थानक दोन्ही जुळवून पाहा.

साधी गाडी, तिसरा वर्ग: भाडं १५ ते २० बाट. पंखे, उघड्या खिडक्या, डब्यात फिरणारे विक्रेते. आरक्षणाची भानगड नाही, तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळतं आणि वेळ दीड ते दोन तास लागतो. जलद आणि एक्स्प्रेस गाड्या तास-सव्वा तासात पोचवतात, पण वातानुकूलित डब्याला कितीतरी पट जास्त मोजावे लागतात. जाताना तिसरा वर्ग आणि येताना दमल्यावर थंड डबा, ही विभागणी सोयीची पडते. परतीच्या गाड्या उत्तरेकडून लांबून येतात, त्यामुळे अर्धा-पाऊण तास उशीर ही नेहमीची गोष्ट आहे. त्याच रात्रीचं विमान असेल तर शेवटच्या सोयीच्या गाडीवर विसंबू नका, तिच्या आधीची धरा.

डॉन मुआंग विमानतळावर उतरत असाल तर बँकॉक शहरात शिरायची गरजच नाही. रेल्वे स्थानक समोरच आहे आणि उत्तरेकडे जाणारी गाडी धरून पाऊण-एक तासात अयुथ्या येतं. सुवर्णभूमीहून मात्र आधी शहरात यावं लागतं.

मिनीव्हॅन बँकॉकच्या मो चित बसस्थानकाहून सुटतात, तास-दीड तासात पोचवतात आणि थेट बेटावर, नरेसुआन रस्त्यावर सोडतात. पण मोठ्या बॅगेला जागा नसते आणि तिच्यासाठी कधीकधी आणखी एका सीटचे पैसे घेतात.

स्थानकावर उतरल्यावर

स्थानक बेटावर नाही, पा साक नदीच्या पूर्व काठावर आहे. बाहेर पडताच टुकटुकवाले हसतमुखाने घेरतात. बॅगा सामानघरात ठेवा, थोडेच पैसे पडतात. मग समोरचा मुख्य रस्ता ओलांडून सरळ गल्लीत चालत राहा. दोन-तीन मिनिटांत नदी आणि होडीचा धक्का येतो. ५ ते १० बाटांत होडी पलीकडे सोडते. गल्लीतच सायकली भाड्याने मिळतात.

सायकल दिवसाला ४० ते ६० बाट. घेताना तीन गोष्टी बघा: दोन्ही ब्रेक, मागच्या चाकातली हवा आणि कुलूप-किल्लीची जोडी खरंच लागते का. बैठक उंच-खाली करून घ्या, नाहीतर पाच किलोमीटरनंतर गुडघे बोलतात. तारण म्हणून पासपोर्ट मागितला तर देऊ नका, छायाप्रत आणि थोडी अनामत देऊन काम होतं. बेट सपाट आहे, पूर्व-पश्चिम साधारण चार किलोमीटर, आणि वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. त्यामुळे पुणेकराला किंवा नागपूरकराला अवघड काही नाही. स्कूटर घ्यायची तर आंतरराष्ट्रीय परवान्यात दुचाकीची नोंद हवी. ती नसेल तर दंड तर होतोच, शिवाय अपघात झाला की प्रवासविमा हात वर करतो.

ज्येष्ठ मंडळी, लहान मुलं किंवा कडक ऊन असेल तर टुकटुकच बरी. इथली टुकटुक बेडकाच्या तोंडासारखी फुगीर नाकाची असते, बँकॉकमध्ये असली दिसत नाही. दर तासाला २०० ते ३०० बाट, संपूर्ण गाडीचा, माणशी नव्हे. बसण्याआधी चार गोष्टी कागदावर किंवा फोनवर लिहून दाखवा: किती तास, कोणती ठिकाणं, एकूण रक्कम आणि वाट चाईवत्थनाराम त्यात आहे की नाही. शेवटची गोष्ट विसरली की संध्याकाळी ‘ते बेटाबाहेर आहे, वेगळे पडतील’ हे ऐकावं लागतं.

तिकिटं

मुख्य अवशेषांना परदेशी पाहुण्यांसाठी बरीच वर्षं प्रत्येकी ५० बाट तिकीट होतं आणि सहा ठिकाणांचं एकत्र २२० ला मिळायचं. दर वाढलेले दिसू शकतात, तेव्हा एका ठिकाणाचे ८० आणि एकत्रित तिकिटाचे ३०० बाट हाताशी ठेवा. खिडकीवर थाई नागरिकांचा दर थाई अंकांत लिहिलेला असतो, त्यावरून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. चार किंवा जास्त ठिकाणं करायची असतील तरच एकत्रित तिकीट घ्या, आणि ते जपा, प्रत्येक दाराशी दाखवावं लागतं. चालू देवळांचं शुल्क वीसेक बाट असतं आणि ते या तिकिटात धरत नाहीत. वेळा साधारण सकाळी ८ ते संध्याकाळी ६.

काय पाहता आहात ते ओळखायचं कसं

दोन आकार डोळ्यात बसवून घ्या. मक्याच्या कणसासारखा उभा, खाचाखाचांचा मनोरा दिसला तर तो ‘प्रांग’. कंबोडियातल्या ख्मेर परंपरेतून आलेला, आतल्या कल्पनेने मेरू पर्वत. घंटेसारखा गोल, वर निमुळत्या कड्यांचा तो ‘चेदी’, म्हणजे आपला चैत्य किंवा स्तूप, सिंहली वळणाचा. कार्ल्याच्या चैत्यगृहातला बुटका अर्धगोल स्तूप आठवा आणि तो वर ओढून लांब केला आहे असं समजा. ढोबळमानाने, प्रांग मधोमध असेल तर वाट सुरुवातीच्या काळातलं, आणि चेदी मधोमध असेल तर पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचं. चाईवत्थनाराम मात्र हा नियम मुद्दाम मोडतं, का ते पुढे येईल.

बांधकाम विटांचं, वर चुन्याचा गिलावा. मूळची ही देवळं लाल नव्हती, पांढरी आणि सोनेरी होती. भिंतीच्या आडोशाला, जिथे पाऊस पोचत नाही तिथे वाकून बघा, बोटाएवढ्या जाड गिलाव्यात फुलांची वेल किंवा देवतेचा हात शिल्लक सापडतो. हे टिपलं की बाकीचं मंदिर मनात उभं राहतं.

मुंडकी नसलेल्या बुद्धमूर्तींच्या रांगा पाहून सगळा दोष ब्रह्मी सैन्याला देण्याची पद्धत आहे. त्यांनी जाळपोळ केलीच, पण नंतरच्या काळात खजिना शोधणाऱ्यांनी आणि मूर्तींच्या व्यापाऱ्यांनीही बरीच डोकी पळवली. वालुकाश्माची मूर्ती बहुधा तुकड्यांत घडवून सांधत, त्यामुळे मानेचा सांधा हीच कमकुवत जागा. मानेच्या तुटक्या भागावर कधी खोबण दिसते, ती याच सांध्याची.

पहिला दिवस: बेटावर

सकाळी साडेआठला वाट महाथाट. पहिलं तेच, कारण पिंपळाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं शीर इथे आहे आणि साडेनऊनंतर बँकॉकच्या बस येतात. मूर्ती वालुकाश्माची, फक्त चेहरा दिसतो, बाकी सगळा मुळांचा वेढा. आपल्याकडे वाड्याच्या भिंतीत पिंपळ उगवला की भिंत जाणार म्हणून धास्ती घेतात. इथे तोच पिंपळ चेहऱ्याभोवती चौकट होऊन बसला आहे. डाव्या-उजव्या मुळांची जाडी बघा, खालून आलेलं एक मूळ हनुवटीजवळ वळसा घेतं. फोटो काढायचा तर बसून काढायचा, तुमचं डोकं बुद्धाच्या डोक्याहून वर असता कामा नये. उभं राहिलात की पहारेकरी शिट्टी मारतो. पाठ करून सेल्फी आणि मुंडकं नसलेल्या मूर्तीमागे आपलं डोकं ठेवणं, दोन्ही इथे फार मोठा अपमान समजतात.

बहुतेक लोक शीर पाहून मागे फिरतात. तुम्ही आत जा. हे देऊळ १३७४ च्या सुमारास सुरू झालं. मधला मोठा प्रांग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोसळला, आता फक्त चौथरा आहे. त्या चौथऱ्याभोवती फिरल्यावर आकाराचा अंदाज येतो. एकंदर एक तास.

रस्त्यापलीकडे वाट राचबुराना. १४२४ मध्ये गादीसाठी दोन भाऊ हत्तींवरून लढले आणि दोघेही मेले. तिसरा, चाओ साम फ्राया, राजा झाला आणि त्याने भावांच्या दहनाच्या जागी हे देऊळ बांधलं. इथला प्रांग अयुथ्यातल्या चांगल्या टिकलेल्यांपैकी, वरच्या गरुडाच्या आकृती खालूनही ओळखू येतात. आतलं तळघर ही खरी गंमत. १९५७ मध्ये चोरांनी भुयार पाडून सोनं लुटलं, पुढे काही माल परत मिळाला आणि पुरातत्त्व खात्याने उरलेलं बाहेर काढलं. उभ्या जिन्याने प्रांगाच्या पोटात चढायचं आणि तिथून अरुंद पायऱ्यांनी खाली उतरायचं, भिंतीवर फिकट झालेली चित्रं आहेत. आत कोंदट, वटवाघळांचा वास, एका वेळी एकच माणूस मावेल अशी वाट. गुडघे दुखणाऱ्यांनी, रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी आणि ज्यांचा जीव बंद जागेत घाबरतो त्यांनी खालीच थांबावं. उतरताना उलटं, तोंड पायऱ्यांकडे करून उतरा.

साधारण अकराला वाट फ्रा सी सानफेत, सायकलीने दहा मिनिटं, मधे तळ्यांचं सावलीचं उद्यान लागतं. हे राजवाड्याचं देऊळ, इथे भिक्षू राहत नसत. तीन चेदी एका ओळीत आहेत. पहिले दोन १४९२ मध्ये राजा रामाधिपती दुसरा याने वडील त्रैलोकनाथ आणि थोरल्या भावाच्या अस्थींसाठी बांधले. इथे १६ मीटर उंचीची सोन्याने मढवलेली उभी मूर्ती होती. १७६७ मध्ये सोनं वितळवून नेलं आणि उरलेला गाभा पुढे बँकॉकच्या वाट फो मध्ये एका चेदीत ठेवला. बँकॉकला वाट फो पाहणार असाल तर हा धागा लक्षात ठेवा. शेजारच्या मंगल-पवित्र (मोंगखोन बोफित) विहानात कांस्याची प्रचंड बसलेली मूर्ती आहे. इमारत १९५० च्या दशकात पुन्हा उभारली, तिला ब्रह्मदेशानेही देणगी दिली. पादत्राणं बाहेर, डोक्यावरची टोपी हातात.

बारा ते तीन उन्हात फिरू नका, हे तीन तास चाओ साम फ्राया संग्रहालयाला द्या. राचबुरानाच्या तळघरातलं सोनं इथे आहे: रत्नजडित राजतलवार, हौद्यासह बसलेला छोटा सुवर्णहत्ती, बायकांचं जाळीदार शिरोभूषण. सकाळी रिकामं तळघर पाहून इथे आलात तरच त्या सोन्याची जागा कळते. उलट क्रमाने केलं तर निम्मा रस जातो. आठवड्याच्या सुरुवातीला संग्रहालय बंद असू शकतं, म्हणून बुधवार ते रविवार हे दिवस धरा. तिकीट १५० बाटांच्या आसपास.

साडेतीनला पश्चिमेकडे वाट लोकयसुथाराम, उघड्यावर पहुडलेला बुद्ध, लांबी चाळीस मीटरच्या घरात. तिकीट नाही. अर्धा तास पुरे.

संध्याकाळ: नदीपलीकडे

साडेचारला वाट चाईवत्थनाराम. बेटाच्या नैऋत्येला पूल ओलांडून, सायकलीने वीस मिनिटं. पुलावर गाड्या वेगात असतात, डावी कड सोडू नका. १६३० मध्ये प्रसात थोंग राजाने हे बांधलं, म्हणजे प्रांगाची पद्धत मागे पडून दीडशे-दोनशे वर्षं झाल्यावर. त्याने मुद्दाम ख्मेर वळण परत आणलं, मधला प्रांग ३५ मीटर, कोपऱ्यांत चार लहान, भोवती आठ शिखरं आणि त्यांना जोडणाऱ्या सोप्यात शंभराहून जास्त बसलेले बुद्ध. हे सगळं मेरू पर्वत आणि त्याभोवतीचं विश्व. सोप्यातल्या मूर्ती एकेकाळी काळ्या-सोनेरी लाखेने मढवलेल्या होत्या. एखाद्या शिखराच्या आतल्या लाकडी छतावर रंग अजून धरून आहे, मान वर करून बघा.

सूर्य देवळाच्या मागे मावळतो, त्यामुळे नदीच्या बाजूच्या हिरवळीवर उभं राहिलं की काळी आकृती आणि तांबडं आभाळ मिळतं. नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास, म्हणजे दार बंद होण्याआधी. एप्रिलमध्ये साडेसहाला, तेव्हा आतून मिळणार नाही, बाहेरून पाहा. २०१८ मधल्या एका लोकप्रिय थाई मालिकेनंतर इथे जुन्या थाई पोशाखात फोटो काढणाऱ्यांची झुंबड असते. समोरच्या दुकानांत पोशाख भाड्याने मिळतो. आवडत असेल तर घ्या, त्यात वावगं काही नाही.

सायकल नको असेल तर संध्याकाळी चारच्या सुमारास हुआ रो बाजाराजवळून सामायिक होडी निघते, दोन तासांत बेटाला वळसा घालते आणि नदीकाठच्या दोन-तीन देवळांशी थांबते, माणशी दोनशे-अडीचशे बाट. पूर असेल तर होडी बंद असते.

मुक्काम केलात तर दुसरी सकाळ

रात्र काढणं परवडत असेल तर काढाच. दुसऱ्या दिवशी आठला वाट याई चाई मोंगखोन, स्थानकाच्या आग्नेयेला दोनेक किलोमीटर. स्थापना १३५७, पण उंच चेदी १५९२ च्या हत्तीयुद्धाशी जोडला जातो, ज्यात नरेसुआनने ब्रह्मी युवराजाला मारलं. भोवती पिवळी वस्त्रं नेसवलेल्या बुद्धांच्या रांगा आहेत. तिथून वाट फनान चोएंग, १३२४ पासूनचं, म्हणजे राजधानीहूनही जुनं. १९ मीटरचा सोनेरी बुद्ध, आणि पूजा इतकी जिवंत की मूर्तीवर केशरी वस्त्राचे तागे फेकून चढवतात. आदल्या दिवशीच्या शांततेनंतर हा गलबला बरा वाटतो. वेळ उरला तर बेटाच्या उत्तरेला वाट ना फ्रा मेन पाहा, १७६७ च्या आगीतून वाचलेलं आणि मुकुट-अलंकार घातलेला बुद्ध असलेलं. ब्रह्मी सैन्याचा तळ इथे होता म्हणून वाचलं, असं सांगतात.

हत्तीच्या पाठीवरची फेरी टाळा. भर उन्हात डांबरी रस्त्यावर लोखंडी बैठक घेऊन चालणारा हत्ती पाहून या शहराबद्दल नवं काही कळत नाही.

खाणं, विशेषतः शाकाहाऱ्यांचं

नुसतं ‘भाजी’ सांगून भागत नाही, कारण फोडणीत मासळीचा रस, ऑयस्टर सॉस किंवा सुक्या कोळंबीची पेस्ट असते. ‘किन चे’ हा शब्द वापरा, म्हणजे मांस-मासळी-अंडं काहीच नाही, आणि कांदा-लसूणही नाही, त्यामुळे जैन मंडळींनाही बराचसा सोयीचा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांचं चिन्ह दिसलं की ते चे दुकान. साध्या जागी ‘माय साय नाम प्ला’ (मासळीचा रस घालू नका) जोडा. आपल्या नवरात्राच्या सुमारास थायलंडमध्ये नऊ दिवस चे खाण्याचा उत्सव असतो, तेव्हा पर्याय एकदम वाढतात. इथली प्रसिद्ध ‘बोट नूडल’ शाकाहाऱ्यांसाठी नाही, रस्सा दाट करायला बहुधा जनावराचं रक्त घालतात. मांसाहाऱ्यांनी नदीतली मोठी भाजलेली कोळंबी खावी, पण आधी किलोचा भाव विचारून.

गोडात रोटी साय माय चुकवू नका: हातरुमालाएवढी पातळ रोटी, त्यात ओढून काढलेले रंगीत साखरेचे तंतू, थेट आपले म्हातारीचे केस, गुंडाळून खायचे. बेटाच्या दक्षिणेला शहराच्या रुग्णालयासमोर दुकानांची रांग आहे. तंतू दमटपणाने तासाभरात बसतात आणि गोळा होतात, तेव्हा पिशवी घट्ट बांधून घ्या आणि रोटी गुंडाळणं खायच्या क्षणापर्यंत लांबवा.

बारीकसारीक, पण नडणाऱ्या गोष्टी

अवशेषांत भटकी कुत्री सावलीत झोपलेली असतात. त्यांच्यावरून पाय टाकू नका, चावलं तर रेबीजची लस त्याच दिवशी घ्या. पाणी माणशी किमान दोन लिटर, आणि एक ओआरएसची पुडी. चौथऱ्यांवर चढू नका, विटा मातीच्या सांध्यावर बसलेल्या आहेत आणि निसटतात. भिक्षूला बायकांनी स्पर्श करायचा नाही, काही द्यायचं तर खाली ठेवायचं. जुन्या बुद्धमूर्ती विकत घेऊन देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यासाठी ललितकला विभागाची परवानगी लागते आणि विमानतळावर अडवतात.

परतीच्या गाडीला वीस मिनिटं आधी या, बॅगा सामानघरातून सोडवा आणि फलाटावर कोणत्या बाजूची गाडी बँकॉकला जाते हे कर्मचाऱ्याला तिकीट दाखवून विचारा. उशिरा आलेली चियांग माईची गाडी आणि तुमची गाडी एकाच वेळी लागू शकते.